घाटावरच्या कायद्याचं निरसन

फार जुन्या काळी, इतक्या जुन्या काळी की तेव्हाचा राजा कोणत्या घराण्याचा होता हे आज कोणालाही सांगता येत नाही, एका राज्यातून एक नदी वाहत होती. राजाचं नाव ठाऊक नाही हे बरंच आहे. ज्याला हवं त्याने आपल्या ओळखीतलं एखादं नाव घालावं. गोष्ट बदलणार नाही.

नदीच्या अलीकडे एक गाव होतं, पलीकडे एक गाव होतं. दोन्ही गावांत सोयरिकी होत्या. अलीकडची म्हैस पोहत पलीकडे गेली तर पलीकडचे लोक तिची धार काढून घेत आणि मग तिला परत हाकलत. त्यावरून अलीकडचे लोक वर्षभर टोमणे मारत. भांडण म्हणायचं तर एवढंच.

मग युद्ध आलं. शत्रूचं सैन्य पलीकडच्या रानात उतरलं, त्याचे हेर नावांतून ये-जा करू लागले. तेव्हा राजाने एक कायदा केला. परवान्यावाचून जो नदी ओलांडेल त्याचा त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, कडेलोट. चौकशी नाही, दाद नाही. हेराला वेळ दिला तर तो पळतो, असं कारण होतं आणि त्या दिवसांत ते खरंही होतं. संकट टळलं की कायदा उठवू, असं राजाने सांगितलं. असे कायदे करताना सगळेच राजे असं सांगतात.

त्या राज्यात कायदा कागदावर राहत नसे. पूर्वी कधीतरी एका तोतयाने खोटी दवंडी पिटून एका गावाची धान्याची कोठारं रिकामी करवली होती. तेव्हापासून नियम झाला, की कायदा शिळेवर कोरायचा आणि जिथे तो लागू असेल तिथे शिळा उभी करायची. शिळेवर अक्षरं आहेत तोवर कायदा आहे. तो उठवायचा असेल तर ज्या हातांनी अक्षरं कोरली त्याच हातांनी, ते नसतील तर त्याच घरातल्या हातांनी, ती छिन्नीने उडवायची. आधी छिन्नी, मग दवंडी, आणि दोन्ही एकाच दिवशी. व्यवस्था शहाणपणाची होती. शहाण्या व्यवस्थेचं माणसं काय करतात, ते पुढे येईल.

घाटावरची शिळा रखमाजी पाथरवटाने कोरली होती. रखमाजीने उभं आयुष्य जाती, पाटे आणि उखळं करण्यात घालवलं होतं. जात्याकडे कोणी बघत बसत नाही, दळण दळतात. ही शिळा मात्र वेगळी झाली. दीड महिना खपून त्याने काळ्या दगडात बोटभर खोल अक्षरं काढली. ओळी अशा, की ओळंबा लावावा. परगावचे वाटसरू थांबून बघत. ज्यांना वाचता येत नसे तेही थांबत. ते भीतीने थांबतात हे रखमाजीला कळत होतं. तरी त्यांना थांबलेलं बघितलं की त्याला बरं वाटे.

युद्ध संपलं. तह झाला, दोन राजांनी एकमेकांना हत्ती भेट दिले. कायदा राहिला. एक वर्ष गेलं, पाच गेली, बारा गेली. बारा वर्षांत त्या कायद्याने एकोणीस माणसं कड्यावरून ढकलली गेली. त्यात हेर एकही नव्हता. एक जण चुकलेला बैल शोधायला गेला होता, एक जण बहिणीच्या लग्नाला, आणि एक ताडी पिऊन पैजेखातर.

घाटावर एक ठाणेदार होता आणि त्याच्या हाताखाली नऊ शिपाई. परवाना द्यायचा तो ठाणेदाराने. त्यासाठी कोणी तूप घेऊन येई, कोणी कोंबडी, कोणी मध. ठाणेदार बारा वर्षांत असा भरला, की त्याने घोडा सोडून पालखी केली. गाव म्हणायचं, घोड्यानेच अर्ज दिला असेल.

या गावात गोजराक्का नावाची सुईण होती. तिचं माहेर नावाड्यांचं, त्यामुळे वल्हं तिला लहानपणापासून ठाऊक. कायद्याआधी पलीकडच्या बायकांची बाळंतपणंही तीच करायची. कायदा झाल्यावर तिने परवाना मागितला, पण मूल जन्माला यायची वेळ परवान्याच्या वेळेत बसत नव्हती. आज अर्ज, उद्या विचार, परवा परवाना. तोवर पलीकडे जे व्हायचं ते होऊन जाई.

मग तिने एक मार्ग काढला. घाटापाशी नदी जरा अरुंद होती आणि वारा पडलेला असला की आवाज पलीकडे पोचे. कायद्याने नदी ओलांडायला बंदी होती, ओरडायला नव्हती. पलीकडची कोणी अडली, की तिला खाटेवर घालून तीरावर आणत, भोवती बायका लुगडी धरून उभ्या राहत, आणि अलीकडून गोजराक्का ओरडून सांगे. आता हात लावा. आता नका लावू. उजवीकडून दाबा, हळू. ती स्वतः काही बघू शकत नसे. पलीकडच्या बायका ओरडून सांगत त्यावरून ती अंदाज करी. बारा वर्षं असं चाललं. काही वाचल्या, काही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या नाहीत त्यांची नावं गोजराक्काला पाठ होती.

बाराव्या वर्षी राजाच्या राज्याभिषेकाच्या वर्धापनदिनाचा मोठा सोहळा ठरला. अशा प्रसंगी राजाने काहीतरी चांगलं करावं, अशी रीत होती. प्रधानाने जुन्या कायद्यांची यादी काढली आणि त्यात घाटावरचा हा कायदा वर ठेवला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या राज्याच्या न्यायग्रंथात कायदा संपवण्याला निरसन म्हणत. अंमलदाराने कायद्याकडे काणाडोळा केला तर ते निरसन नव्हतं. लोकांनी कायदा पाळायचं सोडलं तरी ते निरसन नव्हतं. कायदा जुना झाला, त्याचं कारण मेलं, म्हणून तो आपोआप मरत नसे. ज्या सत्तेने तो केला तिनेच, केला होता तितक्याच रीतसर, तो उठवला तर त्याला निरसन म्हणायचं. म्हणून तो शब्द उच्चारायचा अधिकार एकट्या राजाला होता, आणि तोही सिंहासनावर बसून.

राजा सिंहासनावर बसला आणि म्हणाला, की घाटावरच्या कायद्याचं आम्ही निरसन करतो. दरबारात जयजयकार झाला. भाटांनी त्यावर तिथल्या तिथे पद रचलं. राजाला फार बरं वाटलं.

प्रधान म्हातारा होता. गजर थांबल्यावर तो पुढे झाला.

"महाराज, पत्रात दोन गोष्टी लिहाव्या लागतील. निरसन कोणत्या घटकेपासून, ही एक. आणि ती घटका येईपर्यंत जो कायद्यात सापडेल त्याचं काय करायचं, ही दुसरी. निरसनाने कायदा संपतो, पण त्याने आधीच धरलेला माणूस आपोआप सुटत नाही. त्याला सोडा, असं वेगळं लिहावं लागतं."

"प्रधानजी, पत्र लहान ठेवा," राजा म्हणाला. "दवंडीवाल्याला पाठ व्हायला हवं."

दरबार हसला. प्रधानही हसला आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. पत्र तीन ओळींचं निघालं. अक्षर सुरेख होतं, शिक्का ठसठशीत होता.

पत्र गावात पोचलं तो बाजाराचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. ठाणेदाराने शिळेसमोर उभं राहून पत्र वाचलं आणि रखमाजीला बोलावणं पाठवलं. रखमाजी आला. त्याने पत्र ऐकलं. मग तो बराच वेळ शिळेकडे बघत राहिला.

पाथरवटांत एक चाल होती. अवस तोंडावर असली की नव्या दगडाला छिन्नी लावायची नाही, ती होऊन जाऊ द्यायची. चाल नव्या कामाची होती, जाती-पाट्यांची आणि देवाच्या मूर्तींची. कोरलेलं उडवायला अवस चालत नाही, असं कोणाच्याही बापाने कधी सांगितलं नव्हतं. रखमाजीलाही हे ठाऊक होतं. पण तो म्हणाला, की उद्या अवस आहे, प्रतिपदेला सकाळी शिळा मोकळी करून देतो. दोन दिवसांनी काय बिघडतं?

त्याला ती अक्षरं आणखी दोन दिवस हवी होती. बासष्ट वर्षांच्या माणसाला आपल्या हातचं सगळ्यात चांगलं काम आपल्याच हाताने उडवायचं होतं आणि त्याला दोन दिवस हवे होते. यात पाप काय, असं कोणीही म्हणेल. गावानेही तेच म्हटलं.

ठाणेदार लगेच कबूल झाला. तोवर दवंडी पिटणारा हलगीवाला पत्रातल्या तीन ओळी पाठ करून बाजारात पोचलाही होता. बारा वर्षं त्याने वाईट बातम्यांशिवाय काही पिटलं नव्हतं. आज पहिल्यांदा चांगली बातमी हाती लागली होती आणि त्याला धीर नव्हता. आधी छिन्नी, मग दवंडी, हा नियम ठाणेदाराला पाठ होता. एका हाकेत हलगीवाला थांबला असता. ठाणेदाराने हाक मारली नाही.

त्याचं कारण साधं होतं. कायदा गेला की ठाणं जाणार होतं, ठाणं गेलं की पालखी जाणार होती. राजधानीला त्याने एक अर्ज लिहायला घेतला होता, की लोक अजून चोरून नदी ओलांडतात, घाटावर पहारा ठेवणं गरजेचं आहे. अर्जाला पुरावा हवा होता. शिळा उभी आणि दवंडी झालेली, असे दोन दिवस त्याला फुकट मिळाले होते.

बाजारात त्या दिवशी लोक नाचले. बायकांनी हलगीवाल्याला ओवाळलं. नावाड्यांनी बारा वर्षं पालथ्या पडलेल्या नावा सुलट्या करून त्यांच्या भेगा बुजवायला घेतल्या. पलीकडे ओरडून बातमी दिली गेली, आणि पलीकडून अशी आरोळी उठली की अलीकडची जनावरं बुजली.

दुसऱ्या दिवशी, अवसेच्या सकाळी, पलीकडून एका माणसाचा आवाज आला. त्याची बायको आदल्या दिवसापासून अडली होती. मूल आडवं होतं. एक हात बाहेर आला होता.

गोजराक्काने बोचकं उचललं. तीरावरून ओरडून हे काम होणारं नव्हतं. आडवं मूल आत हात घालून वळवावं लागतं, आणि तो हात तिचा असावा लागतो. ती घाटावर आली, नावेची दोरी सोडली आणि थांबली. शिळा उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं आहेत की गेली एवढं कोणालाही दिसतं.

ती उलट फिरली आणि रखमाजीच्या घरी गेली. तो ओसरीवर बसला होता. छिन्नी आणि हातोडा पाटावर ठेवून त्याने त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं.

"आबा, दगड तसाच दिसतोय."

"अवस होऊन जाऊ दे. उद्या सकाळी करतो."

"पलीकडे एकीचं मूल आडवं आलंय. तिला कुठं सांगू, अवस होऊन जाऊ दे म्हणून?"

रखमाजीने पाटावरची छिन्नी सरळ केली.

"तुमच्या धाकट्या सुनेच्या वेळी बरे अनवाणी आला होतात माझ्या दारात," ती म्हणाली. "तेव्हाही अवसच होती. तेव्हा नाही आठवली."

रखमाजी ओशाळून हसला. छिन्नी त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. ओसरीवरून घाटापर्यंत शंभर पावलं होती. सगळी अक्षरं उडवायला घटका-दोन घटका पुरल्या असत्या. तेवढा वेळ गोजराक्का थांबली असती.

"तू जा गं," तो म्हणाला. "राजाने शब्द दिलाय, दवंडी झालीय. दगडाचं काय, आज नाही तर उद्या जायचाच आहे."

"मी जाऊ?"

"जा म्हणतो ना."

"तुम्ही म्हणता तर जाते. उडवायचा हात तुमचा आहे, तुम्हाला ठाऊक."

ती गेली. घाटावर एक शिपाई होता. त्याने तिला नाव ढकलताना बघितलं, अडवलं नाही आणि ठाण्याकडे चालू लागला.

दुपार कलायच्या आत पलीकडून आरोळी आली. मुलगी झाली होती आणि दोघी बऱ्या होत्या. अलीकडे लोकांनी हातातली कामं टाकून ते ऐकलं. बारा वर्षांनी पहिल्यांदा त्या तीरावर गोजराक्काचे हात पोचले होते. बाया रडल्या. एक म्हातारी म्हणाली, की आता मेले तरी चालेल. म्हाताऱ्या माणसांना असं बोलायची सवय असते.

सूर्य मावळतीपासून अजून चार कासरे वर असताना गोजराक्का परत आली. मांडीवर नवा खण होता आणि गुळाची ढेप. नाव वाळूला लागली तेव्हा घाटावर नऊ शिपाई आणि ठाणेदार उभे होते.

तिला धरलं, तेव्हा ती हसलीच. तिला वाटलं, की ठाणेदाराला गूळ हवा आहे.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. रखमाजी हातोडा-छिन्नी घेऊन धावत आला. वाटेत पडला, उठला. तो सरळ शिळेपाशी गेला आणि घाव घालू लागला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. कपच्या त्याच्या तोंडावर उडत होत्या. गाव मागे गोळा झालं होतं. ठाणेदाराने त्याला थांबवलं नाही. उलट, शिपायांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, म्हणजे त्याला नीट काम करता येईल. शेवटचं अक्षर जाईपर्यंत तो शांत उभा होता.

"झालं?" ठाणेदार म्हणाला. "आता निरसन पुरं झालं. या घटकेपासून ज्याला ओलांडायची त्याने नदी ओलांडावी. माझी ना नाही."

"मग तिला सोडा," रखमाजी म्हणाला.

"ती सकाळी गेली. सकाळी शिळा उभी होती."

"मी सांगितलं तिला, जा म्हणून. मी सांगितलं."

"रखमाजी, कायदा तुम्ही कोरलात. तुम्ही म्हणजे कायदा नव्हे."

गावचा पाटील पुढे झाला. तो म्हणाला, की जो कायदा मेला तो माणूस कसा मारील. ठाणेदाराने त्याला समजावून सांगितलं, मास्तर पोरांना सांगतो तसं. कायदा आत्ता मेला, गुन्हा सकाळी झाला. बाप मेला म्हणून बापाने लावलेलं झाड कोणी उपटत नाही. निरसनाच्या आधी जे घडलं त्याला आधीचाच कायदा. राजाच्या मनात तिला सोडायचं असतं, तर पत्रात तसं लिहिलं असतं.

मग त्याने पत्र काढून पाटलाच्या हातात दिलं.

"दाखवा," तो म्हणाला. "यात सोडा असं कुठं लिहिलंय ते दाखवा, आत्ता सोडतो. मलाही हौस नाही."

पाटलाने पत्र वाचलं. त्याने ते भटजींकडे दिलं. भटजींनी वाचलं, मागून उलटून बघितलं. ज्यांना ज्यांना वाचता येत होतं त्या सगळ्यांच्या हातांतून पत्र फिरलं. तीन ओळी होत्या. अक्षर फार सुरेख होतं.

कोणी म्हणालं, राजधानीला माणूस पाठवू. राजधानी चार दिवसांच्या वाटेवर होती, आणि कायद्यात सूर्य मावळायच्या आत असं होतं. ठाणेदाराने आकाशाकडे बघितलं. दिवस दोन कासरे उरला होता.

घाटावर त्या वेळी तीनशे माणसं होती. शिपाई नऊ होते. हे इथे लिहून ठेवलं पाहिजे, कारण नंतर गावातल्या प्रत्येकाने सांगितलं, की आम्ही काय करणार होतो. प्रत्येक जण शेजारच्याचं पाऊल उचललं जाण्याची वाट बघत होता. नावाडी वल्ही हातात धरून उभे होते. वल्हं लाकडाचं असतं आणि चांगलं जड असतं.

रखमाजीने ठाणेदाराचे पाय धरले. माझा कडेलोट करा, म्हणाला. ठाणेदाराने पाय सोडवून घेतले आणि सांगितलं, की नदी त्याने ओलांडलेली नाही.

गोजराक्काचे हात बांधले तेव्हा तिने शिपायाला सांगितलं, की दोरी सैल कर, मनगट दुखतंय. त्या शिपायाच्या आईचं बाळंतपणही तिनेच केलं होतं. त्याने दोरी सैल केली. तेवढंच केलं.

कड्याची वाट घाटावरूनच वर जात होती. पायथ्याशी ती थांबली आणि रखमाजीकडे वळली. लोकांना वाटलं, ती त्याला शाप देईल. रखमाजीलाही तसंच वाटलं, आणि बहुधा त्याला तेच हवं होतं.

"आबा, माझी भाची अजून पुरती शिकलेली नाही," ती म्हणाली. "सरळ आलेलं मूल ती काढील. आडवं तिला वळवता यायचं नाही. पलीकडे तिघी गरोदर आहेत, अलीकडे पाच. त्यांना सांगा, आत्तापासून देवाला हात जोडा."

सूर्य मावळायच्या आत कायद्याचा शेवटचा अंमल झाला.

पलीकडच्या तीरावर त्या वेळी लोक उभे होते. बारा वर्षांच्या सवयीने त्यांना इकडचं सगळं ऐकू येत होतं. तिकडून कोणीही ओरडलं नाही.

ठाणेदाराने राजधानीला कळवलं, की निरसन यथाविधी पार पडलं. एक गुन्हेगार त्याआधी सापडला, त्याचा निकाल लावला. राजधानीत पत्र दफ्तराला लागलं. ठाणेदाराचा अर्जही मंजूर झाला, पण घाटावर आता कायदा नसल्यामुळे त्याला दुसऱ्या एका नदीवर पाठवलं. तिथेही एक शिळा उभी होती.

रखमाजी दारोदार जाऊन सांगत फिरला, की चूक माझी आहे, मी अवसेची सबब सांगितली. लोकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, म्हणाले, नाही आबा, चूक ठाणेदाराची. काही म्हणाले, राजाची. काही म्हणाले, हलगीवाल्याने घाई केली. सगळ्यांनी त्याला माफ केलं. त्याला माफ केलं की स्वतःलाही करता येत होतं.

त्या हिवाळ्यात पलीकडे एकीचं मूल आडवं आलं. नदी मोकळी होती, नाव तयार होती, कायदा नव्हता. गोजराक्काची भाची घाटापर्यंत आली आणि नावेत पाय टाकेना. लोकांनी तिला सांगितलं, की शिळा कोरी आहे, बघ, हात लावून बघ. तिने हात लावून बघितला. मग ती तीरावरच उभी राहिली आणि अलीकडून ओरडून सांगू लागली. उजवीकडून दाबा, हळू. दुपारनंतर पलीकडून उत्तर यायचं थांबलं. आई गेली आणि मूलही गेलं.

पुढच्या वर्षी राजा स्वतः दौऱ्यावर निघाला. आपल्या निरसनाने दोन तीर कसे जोडले गेले, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. घाटावर येऊन बघतो तर नावा पालथ्या पडलेल्या. वाळूवर एक पाऊल उमटलेलं नाही. पलीकडे माणसं दिसत होती, पण ती दुरूनच बघत होती.

राजाने प्रधानाला विचारलं, हे काय. प्रधानाने घाटावर चौकशी केली आणि जे घडलं ते सगळं राजाला सांगितलं, पत्राच्या तीन ओळींसकट. राजाने पालथ्या नावांकडे बघितलं.

"तुम्ही मला विचारलं होतं," तो म्हणाला.

"विचारलं होतं, महाराज."

"पुन्हा का नाही विचारलंत?"

सगळे हसत होते म्हणून मीही हसलो, असं सत्तराव्या वर्षी कोणाला सांगता येत नाही.

राजाने तिथल्या तिथे नवं पत्र लिहवून घेतलं. ते चांगलं लांब होतं. निरसनाची घटका त्यात होती, धरलेल्यांना सोडण्याचा हुकूम होता, आणि शिळेला घाव पडल्याशिवाय दवंडी पिटणाऱ्याला शिक्षा होती. सगळं बरोबर होतं. एक वर्ष उशिरा होतं.

मग राजाने एका म्हाताऱ्या नावाड्याला बोलावलं आणि सांगितलं, की नाव काढ, आम्हाला पलीकडे जायचं आहे. नावाडी हात जोडून उभा राहिला. नावेकडे वळला नाही.

"भिऊ नकोस," राजा म्हणाला. "तो कायदा आम्ही उठवलाय. आमचा शब्द आहे."

"होय महाराज," नावाडी म्हणाला. "तिनंही तुमचाच शब्द ऐकला होता."

राजा आला त्या वाटेने परत गेला. नदी त्यानंतर कितीतरी वर्षं मोकळी होती, आणि ती कोणी ओलांडली नाही.

लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी, विशेषतः हातात शिक्का असलेल्यांनी, ध्यानात ठेवावं ते एवढंच: जुलमी कायद्याचं निरसन सिंहासनावर उच्चारल्याने होत नाही, त्याने धरलेला शेवटचा माणूस सुटतो तेव्हाच ते होतं.